बेंगळुरूची घरबाग : लहान आनंद आणि पाण्याचा हिशेब

फोडणीचे तेल तापत असताना गॅलरीत जाऊन कढीपत्त्याची डहाळी खुडून आणणे, पेरलेल्या मेथीचे अंकुर चौथ्या-पाचव्या दिवशी माती वर उचलताना पाहणे, संध्याकाळी मोगऱ्याच्या कळ्या मोजून ठेवणे आणि त्यांतली किती उमलली हे सकाळी ताडून पाहणे, या गोष्टींची नोंद कोणत्याही कृषी आकडेवारीत होत नाही. त्यांचे उत्पादन क्विंटलमध्ये मोजता येत नाही आणि त्यांना बाजारभावही नसतो. तरीही शेतीपासून दुरावलेल्या शहरी कुटुंबाचा मातीशी उरलेला संबंध बहुतेक वेळा एवढाच असतो. म्हणून शेतीशास्त्राने त्याकडे केवळ हौस म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही.

या विषयाचा विचार करण्यासाठी बेंगळुरूइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे. फुलझाडांसाठी प्रसिद्ध असलेले हे शहर गेली काही वर्षे पाणीटंचाईसाठीही ओळखले जाऊ लागले आहे. घरबागेचे लहानसे आनंद कोणते, त्यांमागील विज्ञान काय आणि तहानलेल्या शहरात ते निर्मळ मनाने उपभोगायचे असतील तर कोणते पथ्य पाळावे, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

बागांच्या शहराचा वारसा

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. येथे उन्हाळा सौम्य आणि थंडी बेताची असते. पाऊस मे महिन्यातील वळिवापासून ऑक्टोबरपर्यंत टप्प्याटप्प्याने पडत राहतो. भाजी आणि फूल दोन्ही वर्षभर घेता येतील असे हे हवामान आहे. हैदर अलीने १७६० मध्ये लालबागेची उभारणी सुरू केली आणि १८५६ मध्ये तिला शासकीय वनस्पती उद्यानाचा दर्जा मिळाला. आजही प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिनाच्या सुमारास तेथील काचगृहात भरणारी पुष्पप्रदर्शने पाहायला सारे शहर लोटते. विसाव्या शतकाच्या आरंभी उद्यानतज्ज्ञ गुस्ताव क्रुम्बिगेल यांनी रस्त्यांच्या कडेला अशी झाडे निवडून लावली, की एकाचा बहर सरताना दुसऱ्याचा सुरू व्हावा. वर्षभर डोळ्यांना काही ना काही फुललेले दिसावे, हा विचार त्यामागे होता.

सार्वजनिक बागेतला हा विचार हळूहळू घरांच्या गच्च्यांवर पोहोचला. शहरात गच्चीवरील भाजीपाला लोकप्रिय करण्यात डॉ. बी. एन. विश्वनाथ यांचा वाटा मोठा आहे. २०११ पासून ‘ऊट फ्रॉम युवर तोट’ या नावाने घरबागवाल्यांचे मेळावे भरू लागले. कन्नडमध्ये ‘ऊट’ म्हणजे जेवण आणि ‘तोट’ म्हणजे बाग. आपल्या बागेतले जेवण, असा त्याचा सरळ अर्थ. शहराच्या वायव्येला हेसरघट्टा येथे भारतीय बागवानी संशोधन संस्था १९६७ पासून कार्यरत आहे. तिने विकसित केलेल्या वाणांच्या नावापुढे ‘अर्का’ हा शब्द असतो. अर्क म्हणजे सूर्य, आणि हेसरघट्ट्याचा तलाव ज्या नदीवर बांधला ती अर्कावती. ऊन आणि पाणी ही घरबागेची दोन्ही भांडवले या परिसराच्या नावातच आहेत.

रोजचे आनंद आणि त्यांमागील विज्ञान

घरबागेचा पहिला आनंद ताजेपणाचा. पालेभाजी कापल्यानंतरही तिच्या पानांचे श्वसन चालूच राहते. त्यातून साठवलेली साखर आणि ओलावा घटत जातो. सकाळी खुडून अर्ध्या तासात परतलेल्या माठाची चव बाजारातल्या जुडीला येत नाही, यामागे हे साधे कारण आहे. बेंगळुरूच्या अनेक घरांत ‘दोड्डपत्रे’ म्हणजे आपला पानओवा कुंडीत असतो. त्याची चार पाने तुपावर परतून, खोबऱ्यासह वाटून ताकात कालवली की ‘तंबुळी’ तयार होते. मराठी घरांत त्याच पानांची भजी होतात. झाड एकच, स्वयंपाकघरे दोन.

दुसरा आनंद गंधाचा. कोरड्या मातीवर पाण्याचा पहिला शिडकावा झाला की येणारा सुवास मुख्यत्वे ‘जिओस्मिन’ नावाच्या द्रव्याचा असतो. मातीतील स्ट्रेप्टोमायसिस गटातील जिवाणू ते तयार करतात. मानवी नाकाला हे द्रव्य अत्यल्प प्रमाणातही जाणवते. कुंडीतील मातीला हा वास येणे म्हणजे तिच्यात जीवसृष्टी नांदते आहे, याची एक खूण होय.

तिसरा आनंद पाहुण्यांचा. लिंबू किंवा कढीपत्ता कुंडीत असेल, तर त्यावर काळ्या-पिवळसर नक्षीची फुलपाखरे अंडी घालतात. त्यांची लहान अळी प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि शत्रूची नजर चुकवते. मोठी झाल्यावर ती हिरवीगार होऊन पानात मिसळून जाते. कढीपत्त्याची दहा-वीस पाने तिने खाल्ली, तर ते नुकसान समजावे की आमंत्रणाचा खर्च, हे ज्याने त्याने ठरवावे. शिंजीर अर्थात सूर्यपक्षी कोळ्याची जाळी, काड्या आणि सालींचे तुकडे गुंफून गॅलरीतल्या वेलीला किंवा तारेला लोंबते घरटे बांधतो. अशा वेळी त्या बाजूची छाटणी काही आठवडे पुढे ढकलणे एवढेच यजमानाचे कर्तव्य असते. भोपळ्याच्या वेलीवर मधमाश्या कमी येत असतील, तर सकाळीच नरफूल तोडून त्यातील पराग मादीफुलाला लावावा लागतो. फुलामागे चिमुकले फळ दिसते ती मादी. मुलांना परागीभवन समजावण्यासाठी याहून सोपा धडा नाही.

चौथा आनंद मनाच्या स्वास्थ्याचा आहे. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतील एका रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या शस्त्रक्रियाग्रस्त रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले, असे त्यांना आढळले. २०११ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी ताणाचे काम दिलेल्या व्यक्तींपैकी काहींना ३० मिनिटे बागकाम आणि काहींना तेवढाच वेळ वाचन करायला सांगितले. ताण दर्शविणाऱ्या कॉर्टिसोल संप्रेरकातील घट बागकाम करणाऱ्यांत अधिक होती. दोन्ही अभ्यास मर्यादित संख्येवर झालेले आहेत. परंतु झाडांत वावरणाऱ्या कोणालाही त्यांचे निष्कर्ष अनोळखी वाटणार नाहीत.

तहानलेले शहर आणि कुंडीतले पाणी

या आनंदांना एक अवघड प्रश्न चिकटलेला आहे. बेंगळुरूला स्वतःची मोठी नदी नाही. हेसरघट्ट्याच्या तलावातून १८९६ मध्ये शहराला नळाचे पाणी मिळू लागले. पुढे १९३३ मध्ये अर्कावतीवरच तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय झाला. शहर वाढत गेले आणि हे दोन्ही स्रोत अपुरे पडले. १९७४ पासून कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून, जवळपास ५०० मीटर उंची चढवून आणले जाते. या योजनेचा पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि त्यातून दररोज ७७.५ कोटी लिटर पाण्याची भर पडली. तरी शहराचा फार मोठा भाग कूपनलिकांवर आणि टँकरवर विसंबून आहे.

२०२३ चा पाऊस कमी झाला आणि मार्च २०२४ मध्ये असंख्य कूपनलिका कोरड्या पडल्या. तेव्हा बेंगळुरू पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने वाहने धुणे, बांधकाम, कारंजी यांच्याबरोबरच बागेसाठी पिण्याचे पाणी वापरण्यासही मनाई केली. उल्लंघनासाठी ५,००० रुपये दंड ठरवण्यात आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये उन्हाळ्याच्या तोंडावर असाच आदेश पुन्हा निघाला. बागांच्या शहरात झाडाला नळाचे पाणी घालणे दंडनीय ठरावे, ही गोष्ट घरबागेच्या प्रत्येक पुरस्कर्त्याला अंतर्मुख करणारी आहे. शेजारच्या वस्तीत घागरींची रांग लागलेली असताना आपल्या गॅलरीतला मोगरा नळाच्या पाण्यावर फुलत असेल, तर त्या फुलाचा आनंद निर्भेळ कसा राहील?

यावर बागच मोडून टाकणे हा उपाय नव्हे. तापत्या काँक्रीटवरची हिरवाई, घरातच जिरणारा ओला कचरा आणि ताजी भाजी यांचे मोल टंचाईच्या दिवसांत कमी होत नाही. घरबाग घराने एकदा वापरलेल्या आणि छतावर पडलेल्या पाण्यावर जगली पाहिजे, हा त्यातून निघणारा नियम आहे. तो पाळता येतो का, हे आकडे मांडून पाहू.

पाण्याची वही

शहरी पाणीपुरवठ्याचे नियोजन करताना माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. चार जणांच्या कुटुंबासाठी ते ५४० लिटर होते. मध्यम आकाराच्या २० कुंड्या असतील आणि प्रत्येकीला सरासरी पाऊण लिटर पाणी लागत असेल, तर बागेची गरज १५ लिटर, म्हणजे कुटुंबाच्या वापराच्या तीन टक्क्यांहूनही कमी आहे. कडक उन्हाळ्यात ती दुप्पट धरली तरी ३० लिटर होते. तांदूळ, डाळी, भाज्या आणि फळे धुतलेले पाणी एका बादलीत साठवून आठवडाभर मोजावे. एकत्र स्वयंपाक होणाऱ्या घरात या गरजेचा मोठा भाग तेथूनच भागू शकतो, हे ज्याचे त्याला दिसून येईल. तांदळाच्या धुवणात थोडी पोषक द्रव्येही असतात. मात्र ते शिळे न ठेवता त्याच दिवशी घालावे.

प्रत्येक सांडपाणी प्रत्येक झाडाला चालत नाही. साबणाच्या पाण्यातील सोडियममुळे मातीची घडण बिघडते, म्हणून कपडे धुतलेले पाणी भाजीला घालू नये. स्नानाचे पाणी कर्दळीसारख्या शोभेच्या झाडांना देता येते. पालेभाजीपासून ते दूर ठेवावे. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर टाकल्या जाणाऱ्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात. ते वापरायचे झाल्यास पावसाच्या किंवा भाज्या धुतलेल्या पाण्यात मिसळून, अधूनमधूनच वापरावे. कुंडीच्या काठावर पांढरा थर जमू लागला, तर क्षार साचत असल्याची ती सूचना आहे.

छतावरील पावसाचा हिशेब याहून उत्साहवर्धक आहे. ३० चौरस मीटर छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला की ३०० लिटर पाणी जमते. गळती आणि पहिले मळके पाणी वगळून ८० टक्के धरले, तरी २४० लिटर पिंपात येतात. वर सांगितलेल्या २० कुंड्यांना ते १६ दिवस पुरतात. बेंगळुरूमध्ये २००९ पासून ठरावीक आकारापेक्षा मोठ्या भूखंडांवरील घरांना पर्जन्यजल संकलन बंधनकारक आहे. मुळात जे करणे सक्तीचे आहे, त्यातून बागेचेही पाणी निघते. पिंपावर घट्ट झाकण आणि बारीक जाळी हवीच, अन्यथा बागेआधी डासांची पैदास होईल.

पाणी देण्याआधी बोट मातीत दोन-तीन सेंटीमीटर खुपसून पाहावे; ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. कुंडीतील माती वाळलेल्या पानांनी किंवा नारळाच्या शेंड्यांनी झाकली, तर बाष्पीभवन घटते. पाणी सूर्योदयाच्या सुमारास द्यावे आणि कुंड्या एकमेकींना खेटून ठेवाव्यात. कुंड्यांतील मोठा शत्रू तहान नसून अतिपाणी आहे, कारण चिखलात मुळांना प्राणवायू मिळत नाही.

ओल्या कचऱ्यातून माती

पाण्याइतकाच दुसरा हिशेब कचऱ्याचा. शहराचा कचरा मंडूर गावाजवळ वर्षानुवर्षे टाकला जात होता. २०१४ मध्ये तेथील ग्रामस्थांच्या आंदोलनाने हा प्रश्न ऐरणीवर आला आणि डिसेंबर २०१५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने घरातच कचऱ्याचे वर्गीकरण करण्याची पद्धत बंधनकारक केली. भाजीची देठे, साली आणि निर्माल्य घरीच जिरवणारे कुटुंब कोणा दुसऱ्या गावाच्या वेशीवरचा भार हलका करत असते.

कृती अवघड नाही. भोके असलेल्या मातीच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यात ओल्या कचऱ्याचा एक थर आणि त्यावर वाळलेली पाने, लाकडाचा भुसा किंवा नारळाचा भुसा यांचा दुसरा थर द्यावा. ओला कचरा नत्र पुरवतो, कोरडा कर्ब. कर्ब-नत्राचे गुणोत्तर २५ ते ३० च्या आसपास राहिले की कुजण्याची क्रिया सुरळीत चालते. डब्याला आंबूस वास आला तर कोरडा थर वाढवावा आणि ढवळावे. कचरा जसाच्या तसा राहिला तर थोडे पाणी शिंपडावे. दोन ते तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत खत तयार होते. केळीच्या सालीची ओळख पुसली जाऊन तिची माती होणे, हा आनंदही मोगरा फुलण्याच्या तोडीचा आहे.

काय लावावे, केव्हा लावावे

नवख्या माणसाने मेथी, माठ, पालक आणि कोथिंबीर यांपासून आरंभ करावा. त्यांना १५ सेंटीमीटर खोलीची कुंडी पुरते आणि महिन्याभरात फळ हाती येते. हेसरघट्टा येथील संस्थेचा ‘अर्का सुगुणा’ हा माठाचा वाण पुन्हा पुन्हा कापता येतो. पेरणीनंतर साधारण २५ दिवसांनी पहिली कापणी मिळते आणि ९० दिवसांत पाच-सहा कापण्या होतात. भेंडीसाठी ‘अर्का अनामिका’ हा शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणुजन्य रोगाला दाद न देणारा वाण उपयुक्त आहे. टोमॅटोचा ‘अर्का रक्षक’ हा संकर पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना प्रतिकारक आहे. मोजक्या कुंड्यांच्या बागेत विषारी फवारणी टाळायची असेल, तर रोगप्रतिकारक वाणाची निवड हीच पहिली फवारणी समजावी. मावा, तुडतुडे यांसाठी संस्थेने तयार केलेला निंबोळी साबण पाण्यात विरघळवून वापरता येतो.

बेंगळुरूच्या चवीचा विचार ‘अवरेकाय’ वगळून होऊ शकत नाही. आपल्या वाल-पावट्याच्या कुळातली ही शेंग डिसेंबर-जानेवारीत बाजार भरून टाकते. पारंपरिक वाण दिवस लहान झाल्यावरच फुलतात, हे त्यामागील कारण. ‘अर्का जय’ आणि ‘अर्का विजय’ हे बुटके वाण दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसल्याने इतर ऋतूंतही घेता येतात. भिजवलेले दाणे चिमटीत दाबून सालीतून बाहेर काढण्याला कन्नडमध्ये ‘हितकु’ म्हणतात. मोड आलेले वाल सोलून बिरडे करणाऱ्या कोकणी-मराठी घराला ही कृती शिकवावी लागत नाही. दोन्ही घरांत हे काम एकट्याने होत नाही; परातीभोवती चार जण बसतात आणि दाण्यांबरोबर गप्पाही सोलल्या जातात. वर्षभर मिळणारे वाण ही संशोधनाची देणगी आहेच. तरीही एखादी कुंडी जुन्या वाणासाठी राखून ठेवावी. वाट पाहण्यातली गोडी त्यामुळे अबाधित राहते.

गच्चीची ताकद

उत्साहाच्या भरात इमारतीचा विसर पडू नये. ओल्या मातीचे वजन घनमीटरला साधारण १,६०० ते १,८०० किलो भरते. एका चौरस मीटरवर १५ सेंटीमीटर जाडीचा थर पसरला, तर सुमारे २५० किलो भार येतो. वावर असलेल्या सपाट छतासाठी भारतीय मानकांत चौरस मीटरला सुमारे १५० किलो चल भार धरलेला असतो. म्हणून छतावर सरसकट माती पसरू नये. कुंड्या सुट्या आणि तुळई-भिंतींच्या रेषेवर ठेवाव्यात. मातीऐवजी नारळाचा भुसा, खत आणि थोडी माती यांचे हलके मिश्रण वापरावे. कच्च्या भुशात क्षार आणि टॅनिनसारखी द्रव्ये असतात. तो धुऊन किंवा आंबवून घेणे आवश्यक असते. हेसरघट्ट्याच्या संस्थेने असा आंबवलेला भुसा आणि मातीविना शेतीसाठी ‘अर्का सस्य पोषक रस’ हे पोषणद्रावण विकसित केले आहे. कुंड्या विटांवर किंवा स्टँडवर ठेवल्यास खालून हवा खेळते आणि छताला ओल धरत नाही. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी ठिबकू नये म्हणून कुंडीखाली ताटली ठेवणे, हाही बागकामाचाच भाग आहे.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी

पुणे, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घरबागवाल्यांनी हे सारे जसेच्या तसे उचलू नये. आपला उन्हाळा बेंगळुरूपेक्षा तीव्र आणि हवा कोरडी असते. मार्च ते मे या काळात ५० टक्के सावलीची हिरवी जाळी आणि मातीवरील आच्छादन अपरिहार्य ठरते. त्या तीन महिन्यांत कुंड्यांची संख्या निम्मी करून पानओवा, गवती चहा, कोरफड, शेवगा अशी काटक झाडेच सांभाळावीत आणि पालेभाजीचा हंगाम जूननंतर धरावा. कोकणात प्रश्न उलटा असतो. तेथे पावसाळ्यात निचरा आणि बुरशी यांकडे लक्ष द्यावे लागते. हवामान बदलले तरी पाण्याचा नियम मात्र बदलत नाही. टँकर मागवून फुलवलेली बाग कोणत्याही शहराला शोभणारी नाही.

घरबागेने कुटुंबाची भाजीची गरज पूर्ण भागत नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. तिचा लाभ वेगळ्या जागी दिसतो. जुडीभर माठासाठी २५ दिवस लागतात, हे ज्याने कुंडीत अनुभवले, तो बाजारात त्या जुडीचा भाव करताना थबकतो. एका टोमॅटोसाठी किती पाणी आणि किती निगराणी लागते, हे ज्या मुलाने पाहिले, ते मूल ताटात अन्न टाकताना विचार करते. शेतकऱ्याच्या कष्टाची जाणीव शहराला भाषणांनी जितकी होत नाही, तितकी एका कुंडीने होते. आज संध्याकाळी तांदूळ धुताना ते पाणी मोरीत न सोडता बादलीत ओतावे आणि उद्या सकाळी एका कुंडीत मेथी पेरावी. पाचव्या दिवशी माती जरा उचललेली दिसेल.